कुमुदताईंचा रक्तगट

खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं की पेशंटला वाटतं, आता फक्त डॉक्टर आणि देव. मधे आम्ही लागतो, हे कोणाच्या ध्यानात नसतं. हाडांच्या त्या दवाखान्यात तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून आमची लॅब होती. तिथे मी चौतीस वर्षं लोकांची रक्तं काढली आणि तपासली. बडोद्यातली बरीच मंडळी मला चेहऱ्याने ओळखत नाहीत, पण त्यांची बाही वर केली की 'अरे, मोहितेभाई!' म्हणतात.

बाहेरच्यांना वाटतं, खुब्याच्या ऑपरेशनआधी खुबा तपासत असतील. खुबा सोडून सगळं तपासतात. साखर, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन, लघवीतले जंतू, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख आणि दातसुद्धा. आत बसवायचा सांधा धातूचा. अंगात कुठे जंतू दडलेले असले तर ते त्या धातूवर जाऊन घर करतात, आणि मग त्यांना हुसकावणं महाकठीण. पादरा गावच्या एका काकांचा खुबा एका किडक्या दाढेपायी महिनाभर पुढे गेला. दाढ मी शोधली नव्हती, पण राग माझ्यावर. लोक ऑपरेशनला घाबरत नाहीत तेवढे रिपोर्टला घाबरतात. ऑपरेशनमध्ये डॉक्टर पास-नापास व्हायचा असतो, रिपोर्टमध्ये आपण.

वाघोडियाच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरांनी तर कमालच केली. साखर जास्त निघाली की तारीख जाणार, म्हणून त्यांनी धाकट्या भावाला स्वतःच्या नावाने रक्त द्यायला पाठवलं. साखर झकास आली. पण जुन्या कागदावरचा रक्तगट वेगळा! मी बोलावून विचारलं तर म्हणाले, "भाई, खून तो एकच छे ने, सगा भाई छे." सख्खा भाऊ असला तरी त्याचा गट वेगळा असू शकतो, आणि ऑपरेशनच्या वेळी चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर माणूस टेबलावरच जातो. हे ऐकून ते पांढरे पडले. तेव्हापासून मला खोड लागली. प्रत्येकाला नाव तीनदा विचारायचं आणि जुना रक्तगट असेल तर ताडून बघायचा.

त्या खोडीमुळेच कुमुदताईंची गोष्ट घडली.

कुमुदताई गुप्ते पहिल्यांदा आल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. वय बहात्तर. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन त्यांना रिक्षातून घेऊन आल्या होत्या. उजवा खुबा पार झिजलेला. त्यांच्या घराचा जिना म्हणजे शिडीच. चार महिन्यांत त्या तीनदा खाली उतरल्या होत्या, तिन्ही वेळा डॉक्टरांकडे जायला.

"नाव?" मी विचारलं.

"मघाशी सांगितलं की."

"पुन्हा सांगा."

"कुमुद यशवंत गुप्ते. तिसऱ्यांदा विचारलंत तर हातावर पट्टी मिळेल."

मी तिसऱ्यांदा विचारलं. त्या हसल्या आणि हात पुढे केला. सुई टोचताना बहुतेक लोक भिंतीकडे बघतात. त्या नळीकडे बघत होत्या. रक्त चढत होतं आणि त्या एकटक पाहत होत्या. स्टेशनवर गर्दीतून कोणी ओळखीचं उतरतंय का हे बघावं, तशा.

रक्तगट बघणं हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे दोन थेंब घ्यायचे. एकात निळं औषध, दुसऱ्यात पिवळं. टाइल हलवायची. निळ्यातलं रक्त फाटून रवाळ झालं तर गट ए, पिवळ्यातलं झालं तर बी, दोन्ही झाले तर एबी, काहीच झालं नाही तर ओ. दोन मिनिटांचा खेळ.

कुमुदताईंच्या निळ्या थेंबात काहीतरी झालं आणि काहीतरी झालं नाही. चार-दोन बारीक गुठळ्या, आणि त्यांच्याभोवती गुळगुळीत, शांत, काहीही न घडलेलं रक्त. त्यांच्याकडे शाळेतल्या रक्तदान शिबिराचं जुनं कार्ड होतं, त्यावर ओ लिहिलेलं.

मला वाघोडियाचे भाऊ आठवले. पण इथे रक्त मी स्वतः काढलेलं. मी टाइल धुतली, औषधाची नवी बाटली फोडली, शेजारी स्वतःच्या रक्ताचा थेंब ठेवून पाहिला. माझा गट बी. माझं रक्त मुकाट्याने पिवळ्यात फाटलं. कुमुदताईंचं पुन्हा तसंच. मी सूक्ष्मदर्शकाखाली काच धरली. गुठळ्या द्राक्षाच्या घोसासारख्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत सुट्या पेशी निवांत तरंगताहेत. एका थेंबात दोन माणसांचं रक्त होतं.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "उद्या परत नमुना घ्या. आणि त्यांना विचारा, कधी रक्त चढवलं होतं का. नसेल तर विचारा, जुळ्या होत्या का."

मॅडमनी मला समजावून सांगितलं ते असं. जुळी बाळं पोटात असताना क्वचित दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. मग याच्या रक्ताचं बियाणं त्याच्या हाडांतल्या मगजात जाऊन रुजतं आणि जन्मभर तिथे रक्त बनवत राहतं. माणसाला पत्ताही नसतो. चौतीस वर्षांत मी हे पुस्तकाबाहेर पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. आमच्या कामात नवल वाटायचे दिवस फार थोडे.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. नमुना घेऊन झाल्यावर मी विचारलं, "कधी रक्त चढवलंय?"

"नाही."

"मोठं आजारपण?"

"नाही. काय झालंय?"

"तुम्ही जुळ्या होतात का हो?"

हंसाबेनच उत्तरल्या, "ना रे भाई, बेन तो एकली छे. पहेलेथी." पहिल्यापासून एकट्याच.

कुमुदताईंच्या हातातली पर्स हळूहळू मांडीवरून घसरली आणि जमिनीवर पडली, ती त्यांनी उचललीही नाही. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे होतात?"

"हे माहीत असलेलं शेवटचं माणूस म्हणजे माझी आई. आईला जाऊन बत्तीस वर्षं झाली. तुम्हाला कोणी सांगितलं?"

आणि मी, शहाण्याने, काय म्हणावं? मी हसून म्हणालो, "तुमच्या रक्तानेच सांगितलं, ताई. त्यात तुमच्याबरोबर अजून कोणीतरी राहतंय."

ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी सेवेची दोन वर्षं देऊन टाकली असती. त्या काठी टेकत उठल्या. तेवढ्या दुखऱ्या खुब्यावर त्या ज्या वेगाने दारापर्यंत गेल्या, तो वेग मी अजून विसरलेलो नाही. कोणी मागे लागलं असावं अशा गेल्या.

ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. सर्जनसाहेब दुसऱ्या पेशंटकडे वळले. आठवड्याने हंसाबेन एकट्याच लॅबमध्ये आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. त्यांचं मराठी पोळेतल्या शेजारातून आलेलं, पण कामापुरतं चोख. म्हणाल्या, "मोहितेभाई, तुमी बेनला काय सांगितलं? ती आखा दिवस नाडी पकडून बसते. जेवत नाय. मला बोलते, हंसा, बघ, दोन आहेत."

"दोन काय?"

"ठोका."

त्यांच्या हृदयाचा आलेख पहिल्याच दिवशी काढला होता. त्यात मधूनच एक जादा ठोका दिसत होता. या वयात ही गोष्ट सर्रास दिसते. फिजिशियननी सोनोग्राफीही करवून घेतली आणि हृदय उत्तम आहे असं लिहून दिलं. पण आलेख काढणाऱ्या सिस्टरने जाता जाता म्हटलं होतं, "मासी, एक ठोका वधारे आवे छे," एक ठोका जास्तीचा येतोय. त्यावर माझं ते वाक्य. दोन्ही मिळून कुमुदताईंच्या मनात काय उभं राहिलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

त्याच दुपारी मी घडियाळी पोळेत गेलो. उन्हाची वेळ, दुकानांच्या फळ्या अर्ध्या ओढलेल्या. जिना चढून गेलो तर दार उघडंच होतं. कुमुदताई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"बसा," म्हणाल्या. "आणि हात द्या."

त्यांनी माझी बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. नाडी संथ चालली होती. एक, एक, एक. आणि मग अचानक मधेच एक छोटा, घाईचा ठोका, आणि त्याच्यामागे लांब शांतता. इतकी लांब की मी नकळत श्वास धरला. मग पुन्हा एक, एक. मी आलेख पाहिलेला माणूस. तो ठोका त्यांच्याच हृदयाचा होता हे मला पक्कं माहीत होतं. तरी माझ्या हातावर काटा आला.

"कळला ना?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जुळं झालं तेव्हा मुलगी लालबुंद, गुबगुबीत आणि मुलगा पांढराफटक, मूठभर. दाई बोलून गेली, हिने त्याचं पण ओढून घेतलं. मुलगा अकराव्या दिवशी गेला, बारशाच्या आदल्या दिवशी. नाव ठेवायचं राहूनच गेलं. लहान मुलांना जाळत नाहीत, म्हणून वडिलांनी त्याला विश्वामित्रीच्या काठी पुरलं. पुढे दरसाल नदीला पूर आला, पाणी आणि मगरी वस्तीत शिरल्या, की आई कामधाम टाकून दारात उभी राहायची. पाण्याबरोबर काहीतरी परत येईल असं बघत. कोणाला काही सांगायची नाही. फक्त एकदा, कुमुदताई नऊ वर्षांच्या असताना, ताप आला म्हणून जेवायला नाही म्हणाल्या, तेव्हा आई म्हणाली, "तुला कशाला भूक लागेल? तू पोटातच त्याचं रक्त प्यायली आहेस."

"मी त्रेसष्ट वर्षं स्वतःला सांगत आले," कुमुदताई म्हणाल्या, "की आई दुःखात बोलली. भूगोल शिकवणारी बाई मी, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायची नाही. आणि तुम्ही टाइलवर दोन थेंब टाकून सांगता की तो आत आहे."

मी माफी मागितली. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. कोणी कोणाचं प्यायलं नाही, ताई. नळी जोडलेली होती, ये-जा दोन्हीकडून झाली. त्याच्यातही तुमचं गेलं असेल. तो अशक्त का होता ते कोणालाच सांगता येणार नाही. आणि एक गोष्ट आम्ही दुसऱ्या नमुन्यात तपासली होती, ती सांगितली. ओ गटाच्या माणसाचं रक्त ए गटाच्या पेशी दिसल्या की त्यांच्यावर तुटून पडतं. तुमचं पडत नाही. तुमचं रक्त त्याला परकं समजत नाही.

बाहेर कोणाचा तरी कुकर तीनदा वाजला. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर जे हाड काढणार, त्यात तो आहे?"

मांडीच्या हाडाचं वरचं टोक, लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये तो कापून काढतात आणि त्या जागी धातूचा बसवतात. त्या गोळ्यातही मगज असतो.

"थोडा असेल," मी म्हणालो. "पण सगळ्याच हाडांत आहे. पाठीच्या कण्यात, बरगड्यांत. एक गोळा काढला म्हणून तो जाणार नाही."

"आणि गोळ्याचं काय करता?"

"पिवळ्या पिशवीत भरून जाळायला पाठवतात. तसा नियम आहे."

"जाळतात," त्या म्हणाल्या. मनगटावरचा हात त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा काढला. "म्हणजे त्याला थोडा तरी अग्नी मिळेल."

मी त्यांना म्हटलं, घाबरून घरी बसण्यापेक्षा एकदा लॅबमध्ये येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हे मी का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पेशंटला काच दाखवायची पद्धत नाही.

दोन दिवसांनी त्या आल्या. मॅडमनी परवानगी दिली होती. मी त्यांना उंच स्टुलावर न बसवता सूक्ष्मदर्शकच बुटक्या टेबलावर आणला, म्हणजे खुब्याला ताण नको. ताजा थेंब घेतला, औषध घातलं, काच लावली. त्या वाकल्या. डोळा लावायला त्यांना थोडा वेळ लागला, मग एकदम स्थिर झाल्या.

"हे घोस कोणाचे?"

"ए गटाचे."

"आणि हे सुटे?"

"ओ गटाचे. हे जास्त आहेत."

"यातली मी कुठली?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी सरळ सांगितलं, "रक्तावरून सांगता येत नाही, कुमुदताई. ज्या पेशी जास्त त्या तुमच्याच असतील असं नसतं. केस किंवा गालाच्या आतली त्वचा बाहेर तपासायला पाठवली तर कळेल. पाठवायची?"

कुमुदताईंनी डोळा काढला नाही. काचेवर त्या पेशी अगदी हळू सरकत होत्या, द्रव सुकताना सरकतात तशा. दुपारचे तीन वाजले होते, ट्यूबलाइट लख्ख, बाजूच्या खोलीत एक्स-रेवाला कोणाला तरी श्वास रोखा म्हणून ओरडत होता. आणि मी एका बाईच्या मागे उभा होतो, जिला सगळे बहात्तर वर्षं कुमुद म्हणत आले, आणि तिच्या अंगात जे वाहतंय त्यातलं बरंचसं कदाचित अकरा दिवसांच्या मुलाचं होतं. मला त्या खोलीत पहिल्यांदाच गार वाटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "पाठवू नका. आत्तापर्यंत भांडण झालेलं नाही, आता वाटण्या कशाला?"

त्यांनी ऑपरेशनला होकार दिला. लघवीचा रिपोर्ट पुन्हा केला, तो स्वच्छ आला. रक्ताची सोय करताना मॅडमनी कागदावर लाल शाईने लिहिलं, फक्त ओ. दोघांनाही चालेल असं तेच एक रक्त होतं. ऑपरेशनच्या सकाळी कुमुदताईंनी भूलतज्ज्ञांना एकच प्रश्न विचारला, "भूल दोघांना चढेल ना?" भूलतज्ज्ञ नवे होते. ते बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, पेशंट जरा गोंधळलेल्या वाटतात. मॅडम म्हणाल्या, नाही, त्या अगदी शुद्धीवर आहेत.

ऑपरेशन छान झालं. रक्ताची एक बाटली लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं. चौथ्या दिवशी हिमोग्लोबिन बघायला मी वर गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "टाइलवरही बघाल?"

बाहेरचं रक्त चढलेलं होतं, त्यामुळे त्या तपासणीला शास्त्राच्या दृष्टीने काही अर्थ नव्हता. तरी मी पाहिलं. निळ्या थेंबात गुठळ्या होत्या. पूर्वीपेक्षा विरळ, पण होत्या. मी वर जाऊन नुसती मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

घरी सोडायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. पहिल्या मजल्यावरची खोली सोडून त्या काही दिवस हंसाबेनकडे खालीच राहणार होत्या. सिस्टर शेवटचा फॉर्म भरत होती.

"मासी, घरे साथे कोण रहेशे?" घरी सोबतीला कोण, हा फॉर्मवरचा ठरलेला प्रश्न.

हंसाबेन 'मी' म्हणणार, तोच कुमुदताई म्हणाल्या, "भाई."

"भाईनुं नाम?"

मी खिडकीकडे बघू लागलो.

"कुमुद," त्या म्हणाल्या.

सिस्टर हसली. "मासी, ए तो तमारुं नाम!"

"हो ना," कुमुदताई अगदी शांतपणे म्हणाल्या. "कोणाचं ते अजून ठरलेलं नाही."

गुजरातीत कुमुद हे पुरुषाचंही नाव असतं. सिस्टरने खांदे उडवले आणि लिहिलं, कुमुदभाई.

आम्ही लिफ्टपाशी आलो. दार उघडलं. कुमुदताई वॉकर टेकत आत गेल्या आणि एका बाजूला सरकून उभ्या राहिल्या. हंसाबेन त्यांच्यामागून शिरल्या. मला वाटलं त्या शेजारी उभ्या राहतील. पण त्या मधली जागा सोडून पार कोपऱ्यात गेल्या, अंग चोरून.

"आवो ने, मोहितेभाई," हंसाबेन म्हणाल्या, "जग्या छे."

मी जिन्याने गेलो.